संगणकास पाणी कशाला?

संगणक नाहीं असें घर आतां आमच्या वाचकवर्गांत क्वचितच सांपडेल. मुलांचा अभ्यास, बँकेचे व्यवहार, परदेशीं असलेल्या लेकी-नातवंडांचें मुखावलोकन, हीं सारीं कामें त्या एका पेटीच्या द्वारें होत असतात. परंतु त्याच पेटींत नळ्या बसवून, पंप लावून, तींत पाणी खेळवीत ठेवण्याचा जो प्रघात तरुण मंडळींत पडत आहे, त्याविषयीं ऐकलें कीं वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडते. "विजेच्या यंत्रांत पाणी? हें कसलें खूळ?" असा प्रश्न गेल्या कांहीं महिन्यांत आम्हांस तिघां गृहस्थांनीं विचारला. त्यांपैकीं एकाच्या घरीं या प्रश्नाशीं सांठविलेल्या पैशाचा आणि वृद्ध मातेच्या झोपेचाहि संबंध होता. म्हणून या महिन्यांत हाच विषय घेण्याचें योजिलें आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, संगणक जितकी वीज घेतो तितकी सर्व शेवटीं उष्णता होऊनच बाहेर पडते. विहिरीवरचा पंप पाणी वर चढवितो, तेव्हां विजेचा कांहीं भाग त्या उंचीच्या रूपानें जमा राहतो. संगणकाच्या आंकडेमोडींत असें कांहींच जमा राहत नाहीं. आजच्या उंची प्रोसेसरास पूर्ण भार असतां सुमारें २५० वॅट वीज लागते. त्याच्या पोटांतील सिलिकॉनचा तुकडा पाहावा तर अवघा अडीच चौरस सेंटिमीटरांचा, अंगठ्याच्या नखाहून किंचित् मोठा. उलट घरांतील १००० वॅटच्या इस्त्रीचा तळ सुमारें २०० चौरस सेंटिमीटर असतो. हिशेब केला तर इस्त्रीच्या तळाच्या दर चौरस सेंटिमीटरास ५ वॅट येतात आणि या तुकड्याच्या वांट्यास १००, म्हणजे वीसपट! ही उष्णता क्षणोक्षणीं काढून नेली नाहीं, तर प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोंचतांच आपण होऊन वेग कमी करितो, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर यंत्र बंद पडतें. चित्रांचें काम पाहणारें जें ग्राफिक्स कार्ड असतें, त्याची भूक तर याहूनहि मोठी. त्यांतील थोर जातींस ४५० वॅट किंवा त्याहूनहि अधिक वीज लागते.

साध्या संगणकांत ही उष्णता हवा काढून नेते. प्रोसेसरवर तांब्या-ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचा मनोरा बसविलेला असतो आणि पंखा त्यांतून वारा घालतो. पाण्याच्या पद्धतींत मनोऱ्याऐवजीं तांब्याचा चपटा ठोकळा असून त्याच्या आंत केसासारख्या बारीक चरा कोरलेल्या असतात. पंप त्या चरांतून पाणी ढकलतो. तें तापून नळीनें मोटारीच्या रेडिएटरसारख्या जाळीदार पेटींत जातें, तेथें पंख्याच्या वाऱ्यानें निवतें, आणि लहानशा टाकींतून पुन्हां पंपाकडे येतें. सर्व कांहीं ठीक असेल तोंवर पाणी विजेच्या कोणत्याहि भागास शिवत नाहीं.

आतां ज्यांनीं अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह अभ्यासिला आहे, त्यांस जलाचें लक्षण शीतस्पर्श हें आठवेल. तापलेलें पाणी उष्ण लागतें तें तेजाच्या संयोगामुळें, असें आम्हांस गुरुजनांनीं शिकविलें. सामान्य समजूतहि तशीच आहे: पाणी थंड, म्हणून संगणक थंड. परंतु तासभर चाललेल्या यंत्रांतलें पाणी थंड नसतेंच. तें भोंवतालच्या हवेहून नेहमीं कांहीं अंश अधिक तापलेलें असतें, आणि नुसत्या रेडिएटरच्या या रीतीनें हवेपेक्षां थंड तें कधींहि व्हावयाचें नाहीं. वैशाखांत आमच्या भागांतली हवा ३८ अंशांवर गेली म्हणजे नळींतलें पाणी पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांचें, म्हणजे चांगलें कढत असावयाचें. मग उपयोग कोणत्या गुणाचा? नैयायिकांनीं जलाचा आणखी एक गुण सांगितला आहे, तो सांसिद्धिक द्रवत्व, म्हणजे स्वाभाविक वाहतेपण. संगणकास हवा आहे तो हा गुण. पाणी उष्णता नाहींशी करीत नाहीं. तिला उचलून दुसरीकडे नेऊन टाकतें.

आणि तें किती थोड्या जागेंतून नेतें तेंहि पाहण्यासारखें आहे. ५०० वॅट उष्णता दहा अंशांच्या चढानें काढून न्यावयाची, तर दर सेकंदास सुमारें ४१ लिटर हवा, म्हणजे दोन मोठ्या बादल्या भरतील इतकी, वाहावी लागते. तेंच काम पाण्यास सांगितलें तर १२ मिलिलिटर पुरतें. संध्येच्या पळीनें दोन पळ्या म्हणा ना! एवढी हवा लांबवर न्यावयाची म्हणजे पेटीएवढा मोठा बोगदा पाहिजे. पाण्यास करंगळीएवढी नळी बस्स होते.

ही युक्ति नवी नव्हे. अमेरिकेंत १९४६ सालीं लोकांपुढें आलेल्या एनिॲक या यंत्रांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि तें १५० किलोवॅट वीज खाई; तो सारा ताप हवेनेंच बाहेर काढीत. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं सुरू झालेल्या टिफ्रॅकमध्येंहि २,७०० नळ्या होत्या. पुढें नळ्या जाऊन ट्रान्झिस्टर आले आणि ते दाटीनें बसूं लागले, तेव्हां आयबीएमनें १९६० च्या दशकांतील आपल्या ३६०-९१ या यंत्रांत पाणी खेळविलें. पुण्याच्या आयसर संस्थेंत २०१९ सालीं उभा राहिलेला, सी-डॅकनें राष्ट्रीय महासंगणन अभियानांतून बसविलेला परम ब्रह्म हा महासंगणकहि प्रोसेसरच्या अंगालगत द्रव खेळवूनच निवविला जातो. तेव्हां मुलानें पाण्याचें नांव काढलें एवढ्यावरून तो वेडा ठरत नाहीं. तो तें तापलेलें पाणी कोठें नेऊन निववितो, यावर त्याचें शहाणपण ठरवावें.

याच एका मुद्द्यावर वर सांगितलेल्या घरचा प्रश्न सुटला, तो प्रकार असा. गृहस्थ आमचे जुने विद्यार्थी. बिऱ्हाड उल्हासनगरास, चार नंबर कॅम्पांत. बाहेरगांवच्या वाचकांस हें 'कॅम्प' चमत्कारिक वाटेल. महायुद्धाच्या काळीं कल्याणजवळ जी लष्करी छावणी होती, तींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांस वसविण्यांत आलें, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें उल्हासनगरची स्थापना झाली. छावणी जाऊन पाऊणशें वर्षें झालीं, तरी पत्ता सांगतांना येथें आजहि कॅम्पाचा आंकडाच सांगतात. असो. घर दोन खोल्यांचें, पुढें हातभर रुंदीची गॅलरी. चिरंजीव हलत्या चित्रांचें काम करितात. दिवसा चित्रें रचावयाचीं आणि रात्रीं यंत्रानें तीं एकामागून एक घडवीत बसावयाचें, असा क्रम. यंत्र ज्या खोलींत, तेथेंच ऐंशी वर्षें ओलांडलेल्या आजींची खाट. प्रोसेसर व कार्ड मिळून ५०० वॅट, म्हणजे साठ वॅटचे जुने आठ दिवे त्या खोलींत रात्रभर जळत ठेवल्याप्रमाणें उष्णता. शिवाय पंख्यांची घरघर. आजींस झोंप लागेना. मुलाचें काम बंद करावें तर घरांत येऊं लागलेली मिळकत बंद होते.

वडिलांनीं एअर कंडिशनरसाठीं पैसे बाजूस ठेविले होते. मुलानें तेच पैसे पाण्याच्या साहित्यासाठीं मागितले. "गुरुजी, तुम्हीच सांगा," असें म्हणून ते आम्हांस घरीं घेऊन गेले. "पैसे एकदांच आहेत. आईच्या झोपेला द्यायचे कीं याच्या हौसेला?"

चिरंजीवांनीं कागदावर आराखडा काढून ठेविला होता. पेटीच्या माथ्यावर रेडिएटर, बाजूस कांच, पारदर्शक नळ्या, त्यांत निळें पाणी आणि आंतून रंगीबेरंगी दिवे. दिवाळींतील आकाशकंदील म्हणून तो आम्हांस पसंत पडला असता. आम्हीं त्यास एवढेंच विचारलें, "बाळ, ही उष्णता शेवटीं जाते कोठें?" तो म्हणाला, "आजोबा, खोलींतच." आणि क्षणभर थांबून तो गॅलरीकडे पाहूं लागला. पुढचें त्यास कोणीं सांगावें लागलें नाहीं.

पेटींतला रेडिएटर काढून भिंतीपलीकडे गॅलरींत टांगावयाचा आणि दोन नळ्या खिडकीच्या चौकटींतून बाहेर न्यावयाच्या, म्हणजे बहुतेक उष्णता खोलींत येणारच नाहीं. एअर कंडिशनर उष्णतेस आधीं खोलींत येऊं देतो आणि मग आणखी वीज खर्चून तिला बाहेर घालवितो. ५०० वॅट घालविण्यास त्यास साधारण तिसरा हिस्सा वीज वर लागते. रात्रीचे आठ तास धरले तर यंत्राचे चार युनिट, त्यावर हें सव्वा युनिट. शिवाय आजींस बंद खोलींतला तो गारठा सोसत नाहीं. त्यांचे गुडघे धरतात. तथापि दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. एअर कंडिशनर वैशाखाचा उन्हाळाहि घालवितो, पाण्याच्या नळ्या केवळ संगणकाचा ताप घालवितात. उन्हाळाच असह्य होत असेल त्या घरानें नळ्यांच्या नादीं लागूं नये. या घरीं पंख्याखालीं झोंप येत होती. ती यंत्रानें घालविली होती. म्हणून आम्हीं पाण्याच्या बाजूनें कौल दिला, मात्र दिवे आणि निळें पाणी वगळून.

साहित्याची खरेदी मोठी बोधप्रद झाली. पंप, ठोकळे व जोडण्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आल्या. रेडिएटर मोठा पाहिजे होता आणि तयार घेतला तर महाग पडे. म्हणून मुलानें जवळच्या बाजारांत मोटारीचा ॲल्युमिनियमचा रेडिएटर स्वस्तांत पाहून ठेविला. उल्हासनगरच्या नांवावर नकली मालाच्या गोष्टी पुष्कळ खपतात; 'मेड इन यूएसए' याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा लावण्याचा विनोद तर आतां शिळा झाला. पण आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें तें लिहितों. दुकानदार सिंधी, वय आमच्याएवढेंच. मुलानें सारा प्रकार सांगतांच त्यानें पुढें केलेला माल मागें घेतला. "तुझे ठोकळे तांब्याचे ना? मग हा नको. सहा महिन्यांत खाऊन टाकेल," असें म्हणून त्यानें एका जुन्या कारागिराचें ठिकाण सांगितलें. विक्री घालवून खरें सांगणारा दुकानदार कोठल्याहि गांवीं विरळाच.

त्याचें म्हणणें शास्त्रास धरून होतें. दोन भिन्न धातु एकाच पाण्यांत असून एकमेकांशीं जोडलेले असले कीं तेथें विजेचा घट तयार होतो. व्होल्टानें १८०० सालीं जगापुढें मांडलेली घटमाला याच तत्त्वाची. तांबें आणि ॲल्युमिनियम यांच्या जोडींत झीज येते ती ॲल्युमिनियमच्या वांट्यास. त्याचा चुरा पाण्यांत उतरून तांब्याच्या केसासारख्या चरा बुजवितो आणि शेवटीं पत्र्यास भोंक पडतें. म्हणून या यंत्रांत तांबें, पितळ आणि निकेलचा मुलामा यांबाहेर धातु येऊं देऊं नये. कारागिरानें जुन्या मोटारीचा तांब्या-पितळेचा लहान रेडिएटर साफ करून, डाख लावून, तोंडें बदलून दिला. तो चांगला पांच-सहा वेळां गरम पाण्यानें खळबळून धुतला, कारण डाख लावतांना वापरलेल्या फ्लक्सचा अंश आंत राहिला तर तोहि पुढें उपद्रव देतो. त्यास मागून दोन मोठे, सावकाश फिरणारे पंखे लाविले.

पाणी कोणतें घालावें हा प्रश्न घरांतील बायकांनींच प्रथम काढला. नळाचें पाणी येथें मुळींच उपयोगाचें नाहीं; ज्या क्षारानें घरच्या गीझरास पुट चढतें, तोच क्षार यंत्रांतहि सांचतो. इन्व्हर्टरच्या बॅटरींत घालतात तसलें शुद्ध पाणी आणून त्यांत गंज व शेवाळ न धरूं देणारें औषध मिसळावें. शुद्ध पाण्यांतून वीज वाहत नाहीं म्हणून गळलें तरी भय नाहीं, असें कांहीं दुकानदार सांगतात. त्यावर विश्वास ठेवूं नये. तें पाणी तांब्यावरून व धुळीवरून फिरलें कीं थोड्याच काळांत वीज वाहूं देण्याजोगें होतें. रंगीत पाण्याचा गाळ बसतो, पारदर्शक मऊ नळ्या कालांतरानें धुरकट होतात. काळी रबरी नळी दिसावयास गरीब, पण टिकाऊ, तीच घेतली.

जोडणीचें काम दोन दिवस चाललें. लेखणीच्या पलीकडे हत्यार ठाऊक नसलेल्या त्या घरांत पाना, करवत आणि मोजपट्टी पसरलेली पाहून आम्हांस तरी आनंद झाला. वडील प्रथम दुरूनच पाहत होते. दुसऱ्या दिवशीं नळी धरावयास बसले. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्यें लेप लावावयाचा तो वाटाण्याएवढाच. त्याचें काम दोन पृष्ठांमधील सूक्ष्म हवा हांकलून देण्याचें आहे, थर चढविण्याचें नव्हे. जोडण्या हातानें आवळाव्या. पान्यानें जोर केला कीं आंतलें रबरी कडें चेंगरतें. टाकी पंपाच्या वर असावी आणि टाकींत पाणी उतरल्याशिवाय पंप क्षणभरहि चालवूं नये, कारण त्याच्या फिरत्या भागास वंगण पाण्याचेंच.

यानंतर खरी कसोटी. संगणकाच्या कोणत्याहि भागास वीज न देतां केवळ पंप चालवावयाचा, प्रत्येक जोडणीखालीं टिपकागद ठेवावयाचा आणि चोवीस तास वाट पाहावयाची. हा नियम पाळणें फार कठीण, कारण यंत्र पुरें झालेलें दिसत असतें आणि हात शिवशिवत असतात. त्यांतून मुलास सोमवारीं सकाळीं एका गिऱ्हाइकास काम द्यावयाचें होतें. शनिवारीं संध्याकाळीं पंप सुरू झाला. रात्रीं साडेनवाच्या सुमारास कार्डाच्या वरच्या जोडणीखालील कागदावर चवलीएवढा ओला डाग दिसला. तो डाग बोटानें पुसून, जोडणी थोडी आवळून पुढें जाण्याचा मोह कोणासहि झाला असता. कार्डाची किंमत मात्र साऱ्या पाण्याच्या साहित्याहून दुपटीची होती. मुलानें पंप थांबविला, सगळें पाणी काढलें, जोडणी उकलली. रबरी कडें एका बाजूस चेंगरलें होतें. नवें कडें रविवारीं दुपारीं मिळालें. त्यानें गिऱ्हाइकास फोन करून दोन दिवसांची मुदत मागितली आणि चोवीस तास पुन्हां पहिल्यापासून मोजले. गिऱ्हाईक रागावलें, काम मात्र गेलें नाहीं. मंगळवारीं सकाळीं सर्व कागद कोरडे होते, तेव्हां कोठें यंत्रास वीज मिळाली.

त्यास आतां तीन महिने होऊन गेले. पंप व वीजपुरवठ्याची पेटी यांचा थोडा ताप अजून खोलींत येतो, तो यावयाचाच; परंतु रात्रीं यंत्राजवळ कान नेल्याशिवाय तें चालू आहे हें कळत नाहीं. आजी म्हणतात, आतां पंखा दोनावर पुरतो. खर्च एकंदर ३८ हजारांच्या घरांत गेला. एअर कंडिशनर त्याच आसपास पडला असता, तेव्हां बचत झाली असें म्हणतां येणार नाहीं, ती पुढें विजेच्या बिलांत होईल तेवढीच. कार्डाचें मूळचें आवरण काढल्यानें कंपनीची हमी जाण्याचा संभव असतो, हेंहि पैसे घालण्यापूर्वीं विचारून घ्यावें. ज्यांच्या घरीं संगणक पत्रव्यवहारास, हिशेबास अथवा मुलांच्या खेळास लागतो, त्यांस या खटाटोपाचें कांहीं कारण नाहीं; चार-पांच हजारांचा चांगला हवेचा मनोरा त्यांचें काम उत्तम करील.

पावसाळ्याची काळजी निराळी. गॅलरींतील जाळींत धूळ आणि कोळिष्टकें बसतात, आणि अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीकडून वारा वाहूं लागला म्हणजे हवेंतला आंबूस वास तांब्यास फारसा मानवत नसावा. वर पत्र्याची पडवी घातली आहे. महिन्यांतून एकदां ती जाळी झाडण्याचें काम वडिलांनीं स्वतःकडे घेतलें असून, वर्षांतून एकदां पाणी बदलावयाची तारीख सूनबाईंनीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत, गॅस सिलिंडर लावल्याच्या तारखेखालीं, टिपून ठेविली आहे.